मोटरहोमचा एसी बर्फ धरतोय? गॅसचं नाव काढण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय याची खात्री होईल.

संध्याकाळी छतावरचा एसी लावला की पहिला तासभर छान गारवा येतो. मग झोत मंदावायला लागतो. पंख्याचा आवाज असतो, कॉम्प्रेसरही चालू असतो, पण झरोक्यापाशी हात धरला तर हवा गार असूनही तिच्यात जोर नसतो. आणखी तासाभराने नुसती घरघर उरते आणि गाडी तापायला लागते. वैतागून एसी बंद केला की वीस-पंचवीस मिनिटांत छताच्या जाळीतून पाणी गळतं, कधी कधी थेट अंथरुणावर. आणि सकाळी पुन्हा लावला तर काही झालंच नव्हतं असा चालतो.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त चकवतं. रात्रभरात बर्फ वितळलेला असतो, त्यामुळे गाडी दाखवायला नेली तर तपासणाऱ्याला काही सापडत नाही आणि मग अंदाजाने 'गॅस कमी झालाय' असं निदान होतं. आमच्या गाडीत आणि ओळखीतल्यांच्या मोटरहोम-कॅरॅव्हॅनमध्ये मिळून हे दुखणं मी इतक्यांदा निस्तरलंय की एक गोष्ट ठामपणे सांगते: बहुतेक वेळा गॅस जागच्या जागी असतो, हवा कमी पडत असते.

बर्फ वितळवण्याआधी त्याच्याकडे नीट बघा

झोत मंदावला की लगेच एसी बंद करायची घाई करू नका. आतली जाळी आणि फिल्टर काढा, टॉर्च घ्या आणि वर कॉइलकडे, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याकडे बघा. फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढची सगळी तपासणी यावर ठरते.

कॉइलच्या सगळ्या तोंडावर एकसारखा पांढरा थर असेल, फ्रीजच्या जुन्या फ्रीझरमध्ये साचतो तसा, तर हवा कमी मिळतेय. बारीक तांब्याच्या नळ्या जिथे कॉइलमध्ये शिरतात तेवढ्याच भागात बर्फ असेल आणि बाकीची कॉइल कोरडी, कोमट असेल, तर गॅस कमी आहे किंवा नळीत कुठेतरी अडथळा आहे. मात्र हे बघायचं ते एसी लावल्यावर साधारण अर्ध्या तासात. खूप उशिरा बघितलं तर गॅस कमी असलेल्या एसीतही बर्फ पसरत पसरत सगळीकडे पोचलेला असतो आणि फरक कळत नाही.

असं का होतं ते थोडक्यात सांगते. कॉइलमध्ये गॅस उकळतो आणि उकळताना भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. एसी नीट चालत असेल तर कॉइल शून्याच्या चार-पाच अंश वर राहते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते आणि ते पाणी छतावर निघून जातं. हवा कमी मिळाली की ओढायला उष्णताच उरत नाही आणि कॉइल शून्याखाली जाते. मग जमलेलं पाणी वाहून जाण्याऐवजी गोठतं. बर्फाने फटी बुजतात, हवा आणखी कमी होते, बर्फ आणखी वाढतो. एकदा हे चक्र सुरू झालं की एसी स्वतःहून त्यातून बाहेर येत नाही.

'सकाळी ठीक होतोच ना' म्हणून असाच चालवत राहू नका. बर्फ धरलेल्या कॉइलमध्ये गॅस पूर्ण उकळत नाही, पातळ राहिलेला गॅस कॉम्प्रेसरकडे परत जातो, आणि कॉम्प्रेसर पातळ पदार्थ दाबण्यासाठी बनवलेला नाही. तो गेला की एसी गेला.

बर्फ वितळवायचा तर कूलिंग बंद करून फक्त पंखा जोरात ठेवा. एक ते दोन तास लागतात. जाळीखाली टब ठेवा, गाद्या बाजूला करा. बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने अजिबात खरवडू नका. फिन्स, म्हणजे कॉइलवरच्या धातूच्या पट्ट्या, कागदासारख्या पातळ असतात आणि त्यांच्या मागेच गॅसची नळी असते. नळीला टोचलं तर आतापर्यंत धड असलेला गॅस त्या क्षणी निघून जातो. हीट गनही नको, आतला फोम आणि प्लॅस्टिक वितळतं.

एकही पैसा न लागणाऱ्या गोष्टी

पंख्याचा वेग बघा. रात्री आवाज नको म्हणून पंखा 'लो'वर आणि तापमान १८ वर, ही जोडी बर्फाला आमंत्रण आहे. 'ऑटो'वर ठेवलं तरी तेच होतं, कारण ठरवलेलं तापमान जवळ आलं की पंखा आपोआप मंद होतो. पंखा 'हाय'वर आणि तापमान २४ च्या आसपास ठेवून एक रात्र काढा. मी बघितलेल्या कित्येक तक्रारी इथेच मिटल्या, काहीही न उघडता.

बाहेर किती गार आहे तेही बघा. बाहेरचं तापमान १८-२० अंशांच्या खाली गेलं की छतावरच्या भागातला दाब उतरतो आणि त्यासोबत आतली कॉइलही जास्त गार होते. अशा रात्री एसी बर्फ धरत असेल तर तो बिघाड नाही. एसी बंद करून छताचा व्हेंट आणि एक खिडकी उघडा, काम भागतं.

दमटपणाचं तसंच. गाडीचं घर लहान असतं, त्यामुळे भातुकलीएवढ्या त्या जागेत उकळतं भांडं, आंघोळ, दोरीवरचे ओले टॉवेल आणि सतत उघडणारं दार या सगळ्याची वाफ थेट कॉइलवर जाते. दमटपणाने एकट्याने बर्फ होत नाही, पण हवा आधीच थोडी कमी असेल तर तोच कॉइलला काठावरून शून्याखाली ढकलतो. न्हाणीतला छताचा व्हेंट उघडा राहिलाय का ते जरूर बघा. तो लक्षात राहत नाही.

आता फिल्टर. सगळे म्हणतात 'स्वच्छ आहे, मागच्या महिन्यात धुतला'. काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं स्पष्ट दिसत नसेल तर तो स्वच्छ नाही. कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवून बसवा. पाळलेलं जनावर सोबत असेल तर प्रवासात दर आठवड्याला. आणखी एक चूक मला वारंवार दिसते: मूळ पातळ फोमच्या जागी कोणीतरी घरच्या एसीचा जाड, दाट फिल्टर कापून बसवलेला असतो. धूळ तो जास्त अडवतो हे खरं, पण हवाही अडवतो. छतावरच्या एसीच्या छोट्या ब्लोअरला, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याला, तो झेपत नाही. जो मूळ होता तोच बसवा.

झरोके बंद केले असतील तर सगळे उघडा. 'मागची खोली वापरत नाही, म्हणून तिकडचे बंद केले' हा विचार घरच्या मोठ्या यंत्रणेतही फारसा चालत नाही, इथे तर नाहीच.

छतातला पडदा: हे नक्की बघा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडलाय आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

छताला जे १४ इंच चौकोनी भोक असतं, त्यात दोन वाटा असतात. एकीतून खोलीतली हवा वर ओढली जाते, दुसरीतून गार हवा खाली किंवा डक्टमध्ये ढकलली जाते. दोघींच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, पत्र्याचा किंवा फोमचा, आणि त्याच्या कडा फॉइल टेपने बंद केलेल्या असतात. गाडी रस्त्यावर हादरे खात असते, छत तापतं आणि निवतं, आणि दोन-तीन वर्षांत टेपचा डिंक सुटतो. मग गार हवा खोलीत जायच्या ऐवजी फटीतून सरळ परतीच्या वाटेत शिरते आणि पुन्हा कॉइलवर येते. आधीच गार झालेली हवा पुन्हा गार होते, कॉइलला उष्णता मिळत नाही, आणि शून्याखाली जायला तिला वेळ लागत नाही. खोली मात्र गरमच राहते.

एका ओळखीच्या कुटुंबाची कॅरॅव्हॅन होती. त्यांना दोन ठिकाणी सांगितलं होतं की एसी संपलाय, नवाच बसवा. मी जाळीचे चार स्क्रू काढले आणि टॉर्च आत घातला. पडद्याच्या डाव्या कडेची टेप वाळलेल्या पानासारखी मुरडून लोंबत होती आणि तिच्या मागे माझी दोन बोटं सहज जातील एवढी फट होती. बोटं घातली तर बर्फासारखा गार वारा आडवा लागला. जुना डिंक पुसला, कोरडा केला, धातूची फॉइल टेप दाबून लावली, कोपऱ्यांवर दुसरा थर दिला. काम पाऊण तासाचं. तो एसी त्यानंतर दोन उन्हाळे चालला आणि अजून चालतोय.

तपासायची रीत अशी. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. बर्फ नसताना, झोत पूर्ण जोरात असताना, तीन जागी थर्मामीटर धरा: खोलीच्या मध्यभागी छातीएवढ्या उंचीवर, परतीच्या जाळीच्या आत फिल्टरच्या वर, आणि एसीच्या सगळ्यात जवळच्या झरोक्यात. खोली आणि परतीची हवा जवळजवळ सारखी हवी. फिल्टरच्या वरची हवा खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गार असेल तर फट आहे, शोधत बसू नका, पडदा उघडा. टिश्यू पेपरची बारीक पट्टी कडेकडेने फिरवली तर ती फडफडून नेमकी जागा दाखवते.

परतीची हवा आणि झरोक्यातली हवा यांतला फरक साधारण ९ ते १२ अंश सेल्सिअस असला की एसी तब्येतीने ठीक आहे. हवा फार दमट असेल तर फरक कमी येतो, कारण एसीची बरीच ताकद पाणी काढण्यात जाते. फरक १४-१५ पर्यंत गेला तर खूश होऊ नका. कॉइलवरून हवा फार हळू जातेय, बर्फ येणार आहे. फरक सहा-सातच असेल आणि दमटपणा नसेल, तर गॅसचा संशय घ्यायला जागा आहे.

कापडाची राखाडी डक्ट टेप इथे वापरू नका. गारठ्यात आणि ओलाव्यात तिचा डिंक एका मोसमात सुटतो. धातूचीच हवी.

जाळी उघडलेली असतानाच एसीला छताशी जखडणारे चार लांब बोल्ट बघून घ्या. छत आणि एसी यांच्यामधलं फोमचं गॅस्केट मूळ जाडीच्या निम्म्यापर्यंत दाबलेलं असावं. बोल्ट ढिले असतील तर तिथून पावसाचं पाणी येतंच, शिवाय बाहेरची तापलेली दमट हवाही ओढली जाते. चारही थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. जोर लावून पार चपटं करू नका, छत वाकतं.

फ्रीझ सेन्सर

याच उघडलेल्या जागेत एक बारीक वायर कॉइलकडे गेलेली दिसेल. तिच्या टोकाचा सेन्सर फिन्समध्ये खोचलेला असतो. कॉइल गोठायच्या बेताला आली की तो कॉम्प्रेसर बंद करतो आणि पंखा चालू ठेवतो. फिल्टर काढता-घालता तो निसटतो आणि हवेत लोंबत राहतो. तिथे त्याला कॉइलचा गारठा कळतच नाही. निसटला असेल तर जागच्या जागी घट्ट खोचा. फिन्स वाकवू नका.

सेन्सर जागेवर असेल तर काढून बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा आणि मल्टिमीटरने ओहम बघा. थर्मिस्टर प्रकारचा (तापमानाप्रमाणे ओहम बदलणारा) असेल तर गार होताना आकडा सतत चढत गेला पाहिजे. शून्य अंशाला तो किती हवा ते मॅन्युअलमध्ये असतं. आकडा हलत नसेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर सेन्सर बदला. स्वस्त भाग आहे.

पण सेन्सर बदलून बर्फ थांबला म्हणजे रोग गेला असं समजू नका. सेन्सर फक्त राखणदार आहे. तो चांगला आणि हवा कमी, असं असेल तर बर्फ दिसणार नाही, त्याऐवजी कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने बंद पडेल आणि गाडी गारच होणार नाही. काहींमध्ये हा सेन्सर नसतोच, विशेषतः फिरवायच्या बटणाच्या साध्या एसीत. तिथे हवा बरोबर राखणं एवढाच उपाय.

व्होल्टेज

कॉम्प्रेसर चालू असताना गाडीतल्या सॉकेटवर व्होल्ट मोजा, बंद असताना मोजून उपयोग नाही. ठरलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल, म्हणजे १२० च्या जागी १०८ पेक्षा कमी किंवा २३० च्या जागी २०७ पेक्षा कमी, तर पंख्याची मोटर हळू फिरतेय. बहुतेक वेळा लांब, बारीक एक्स्टेंशन वायर कारण असते. जाड आणि आखूड वायर लावा. प्लग हाताला गरम लागत असेल तर एसी लगेच बंद करा.

छतावर चढण्याआधी

इथपर्यंतचं सगळं खोलीत उभं राहून होतं. पुढचं छतावरचं. छत ओलं असेल, वारा असेल किंवा तुम्हाला उंचीची भीती असेल तर चढू नका. बाहेरून घेतलेली वीज, जनरेटर आणि इन्व्हर्टर तिन्ही बंद करा. मोटरहोममध्ये वीज तीन वाटांनी येऊ शकते आणि एक बंद केली की माणूस निश्चिंत होतो, तेच धोक्याचं आहे.

वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढा. आतली कॉइल आणखी एका पत्र्याच्या पेटीत असते. ती उघडली की फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ दिसते, कधी कधी एवढी की कॉइलच्या पुढे वाकळ टांगल्यासारखी. मऊ ब्रशने फिन्सच्या दिशेने वरून खाली झाडा, मग कॉइलचा फेसाचा क्लीनर मारा. पाणी अगदी हलक्या धारेने. प्रेशर वॉशर फिन्स आडव्या करतो. वाकलेल्या फिन्स फिन्सच्या कंगव्याने हळूहळू सरळ करा. पाण्याच्या तबकाची छिद्रंही मोकळी करा.

ब्लोअर मात्र हात लावून तपासा. पिंजऱ्यासारखा गोल असतो आणि त्याची प्रत्येक पाती किंचित वळलेली असते. त्या वळणात धूळ आणि केस बसून घट्ट झाले की पाती सपाट होते आणि वेग तोच असूनही हवा फेकू शकत नाही. वरवर बघून हे कळत नाही. पातीच्या आतून नख फिरवा. राखाडी पट्टी निघाली तर उत्तर सापडलं. जुन्या टूथब्रशने एक एक पाती खरवडावी लागते, दुसरा मार्ग नाही.

बहुतेक छतावरच्या एसीत एकच मोटर असते, तिच्या एका टोकाला आतला ब्लोअर आणि दुसऱ्या टोकाला बाहेरचा पंखा. म्हणून बाहेरचा पंखा हाताने फिरवून बघा. अडखळला किंवा खरखरला तर मोटरचे बेअरिंग जातायत. सैल फिरतोय पण चालू केल्यावर हळू धावतो, तर मोटरचा कपॅसिटर, म्हणजे तिला जोर देणारा विजेचा भाग, कमकुवत झालाय. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज राहतो आणि त्याचा झटका जीवघेणा असू शकतो. तो उतरवण्याचं काम कधी केलं नसेल तर हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला सांगा. येत असेल तर मायक्रोफॅरड मोजा, छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर बदला.

बाहेरची कॉइल स्वच्छ करावी, कॉम्प्रेसरला बरं असतं. पण बर्फाचा दोष तिच्यावर घालू नका. ती मळली तर दाब वाढतो, बर्फ त्याने होत नाही.

इथे थांबा

वरचं सगळं झालं, झोत जोरदार आहे, आणि तरी अर्ध्या तासात फक्त बारीक नळ्यांपाशी बर्फ धरतोय, तर थांबा. नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग दिसला, कॉम्प्रेसर गुंगुं करून सुरूच होत नसेल, ब्रेकर पडत असेल, जळका वास असेल किंवा कपॅसिटर फुगलेला दिसला, तरी थांबा. हे परवानाधारक एसी तंत्रज्ञाचं काम आहे.

छतावरचे बहुतेक एसी कारखान्यातच सीलबंद केलेले असतात आणि गॅस भरायला त्यांना वॉल्व्हच नसतो. गॅस वापराने संपत नाही. कमी झालाय म्हणजे गळतोय. त्यामुळे कोणी 'थोडा टॉप-अप करून देतो' म्हणालं तर आधी गळती कुठे आहे ते विचारा. योग्य पद्धत अशी: गळती शोधायची, ब्रेझिंग करून, म्हणजे धातू वितळवून, बुजवायची, आतली हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने काढायचा, आणि पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. जुन्या एसीत आर-२२ असतो, नंतरच्यात आर-४१०ए, आणि नव्यांत आर-३२ येतोय, जो थोडा ज्वलनशील आहे. अनेक देशांत हे गॅस हवेत सोडणं गुन्हा आहे. घरगुती किट आणून नळीला भोक पाडण्याचा प्रयोग करू नका. एसी जुना असेल तर तंत्रज्ञ बदलायला सांगेल, आणि इथे आल्यावर तो सल्ला बहुधा बरोबर असतो. फक्त तुम्ही वरच्या सगळ्या पायऱ्या करून इथे आलेले असायला हवं.

दुरुस्ती काहीही केली तरी चाचणी तीन तासांची घ्या. पंखा 'हाय'वर, तापमान २४. पहिल्या तासानंतर आणि तिसऱ्या तासानंतर परतीची हवा आणि झरोक्यातली हवा यांतला फरक मोजा, दोन्ही वेळा झोतापुढे हात धरा, शेवटी टॉर्चने कॉइल बघा. कॉइल ओली आणि काळसर दिसली पाहिजे, पांढरी नाही. मी तारीख आणि ते दोन आकडे जाळीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवते, पुढच्या वेळी जाळी उघडली की ते समोरच असतात.